लॉबी आउट

“आडनाव काय गं तुझं?”

गर्दीतून हा प्रश्न आला तेव्हा सुजाताचा हात अजून वरच होता. सामन्यातली शेवटची चढाई नुकतीच संपली होती. दोन्ही संघांचे चोवीस-चोवीस गुण होते आणि तिने चढाई करणाऱ्या मुलाला बाद दिलं होतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कबड्डीची ती तालुक्याची फायनल. गाव तेलगावच्या पुढचं, मैदान तिथल्याच शाळेचं. मी सरपंच होतो, म्हणजे सामन्याचा. कबड्डीत दोन बाजूंना दोन पंच असतात आणि त्यांच्यावर एक सरपंच. दोन पंचांचं एकमत झालं नाही तरच त्याने बोलायचं. शाळेत खेळ शिकवून मी रिटायर झालो, पण शिट्टी सोडली नव्हती. सुजाता माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिचे वडील तिला गावोगाव पाठवायला नाखूश होते. “माझ्या जबाबदारीवर पाठवा,” असं मीच त्यांना सांगितलं होतं.

मैदानाच्या दोन्ही कडांना एक पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. चढाई करणाऱ्याने समोरच्या कुणाला स्पर्श करण्याआधी तिच्यात पाय टाकला, की तो बाद. गावच्या संघातल्या मुलाने नेमकं तेच केलं. मी चार पावलांवर होतो. त्याचा पाय आधी पडला, हात नंतर लागला. चुन्याची रेघसुद्धा त्याच्या टाचेने पुसली होती. सुजाताचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

शिव्या खाणं आम्हाला नवं नाही. मोठ्यांच्या सामन्याला प्रेक्षक येतात, लहानांच्या सामन्याला आईबाप येतात, आणि आईबाप जास्त बोलतात. नव्या पंचांना आम्ही शिकवतो, नजर मैदानावर ठेवा, उलट उत्तर देऊ नका. कार्ड खेळाडूला दाखवता येतं, कोचला दाखवता येतं, पब्लिकला नाही. पब्लिक फारच बिथरलं तर सरपंचाने सामना थांबवायचा, आयोजकांना गर्दी मागे हटवायला लावायची, आणि जमलं नाही तर तसा रिपोर्ट लिहायचा. निर्णय मात्र आहे तोच राहतो.

“डोळे फुटले का गं, बाई?”

“शाळेतलं लेकरू हाय ते! कावून बाद देती?”

इथपर्यंत नेहमीचं होतं. मग तो आडनावाचा प्रश्न आला. सुजाताने नजर मैदानावरच ठेवली. पण गर्दीत कुणीतरी तिच्याच बीडचा होता, त्याला माहीत होतं. त्याने ते मोठ्याने सांगितलं. त्यानंतर लॉबी राहिली बाजूला आणि शिव्यांचा विषयच बदलला. ते शब्द मी इथे लिहीत नाही. सुजाताचं घर बौद्ध आहे, एवढं सांगितलं की आमच्या भागातल्या वाचकाला पुढचं कळतं. ओरडणाऱ्यांत बायकाही होत्या. कडेवर लेकरं घेतलेल्या.

त्याच क्षणी मी शिट्टी वाजवून गर्दी हटवायला हवी होती. मी घड्याळाकडे बघत राहिलो.

तेवढ्यात अण्णा माझ्याजवळ आले. गावचे पुढारी. बक्षिसं, मंडप, जेवण सगळं त्यांचं, आणि बाद झालेला मुलगाही त्यांचाच. ते अजिबात ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, लोकं लई तापलेत. तुमच्या पंचबाईला इथून नीट घरी जाऊ द्यायचंय का न्हाई?”

मी दोन्ही पंचांना जवळ बोलावलं. दुसरा पंच समोरच्या कडेला होता. त्याला काही दिसणं शक्यच नव्हतं. तरी मी त्याला विचारलं, “टच आधी झाला असेल का?”

त्याने आधी गर्दीकडे पाहिलं. “असंल सर.”

सुजाता माझ्याकडे वळली. “सर, तुमी इथंच होता. तुमी बघितलं ना?”

“मला दिसलं नाही,” मी म्हणालो.

मग पंचांचं एकमत नाही, हा नियम पुढे करून मी गुण गावच्या संघाला दिला. एका गुणाने ते जिंकले. फटाके वाजले. हरलेली मुलं रांगेत आली आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे एकेकाने माझ्याशी हात मिळवला. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

गुणपत्रकावर पंचांच्या सह्या लागतात. सुजाताने सही केली आणि शेजारी लिहिलं, ‘माझा निर्णय लॉबी आउट होता.’ येताना ती माझ्या गाडीतून आली होती. जाताना हरलेल्या संघाच्या टेम्पोत बसून गेली.

तिला वाचवण्यासाठीच मी तसं केलं, हे मी आठ दिवस स्वतःला पटवत होतो. बायकोलाही तसंच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग तिला फोन का केला नाही अजून?”

मी फोन केला. माफी मागितली. तुझ्या काळजीपोटी केलं, असंही म्हणालो.

“मी घाबरले न्हवते सर,” ती म्हणाली. “घाबरलात तुमी. आणि दिसलं न्हाई म्हणालात. शिव्या मी ऐकून घेतल्या असत्या.”

 मी विचारलं, “आता काय करू?”

“जे झालं ते लिहून द्या. मला न्हाई, पंच कमिटीला.”

आणखी तीन दिवस मी कागद पुढे घेऊन बसलो. दोनदा लिहून फाडला, कारण दोन्ही वेळा त्यात ‘परिस्थिती’ हा शब्द आला होता. तिसऱ्यांदा साधं लिहिलं. मला दिसलं होतं, मी खोटं बोललो, पंचाला जातीवरून शिव्या दिल्या जात असताना मी गर्दी हटवली नाही.

कमिटीने मला वर्षभर बाहेर बसवलं. तक्रारीची मुदत उलटली होती, त्यामुळे निकाल बदलला नाही. त्या गावाचा संघ जिल्ह्याला खेळून आला. दुसऱ्या संघातली मुलं वयाने पुढच्या गटात गेली, त्यांची ती संधी गेली ती गेलीच. अण्णांना कुणी काही विचारलं नाही.

सुजाता अजून पंचगिरी करते. भेटली की नमस्कार करते, सर म्हणते. माझ्या गाडीत बसत नाही.

यंदा नव्या पंचांच्या शिबिरात मला एक तास बोलायला सांगितलं. मी त्यांना हाच सामना सांगितला, माझं नाव न लपवता. एकाने विचारलं, “सर, मग सामना नेमका कधी थांबवायचा?” मी म्हणालो, पंचाचं आडनाव विचारलं की लगेच. त्याच्या पुढचं ऐकायची वाट बघायची नाही.