निम्मं गाव बाहेर असताना

सभा सुरू करण्याआधी सरपंच दारात उभे राहायचे, मान बाहेर काढून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचे आणि विचारायचे, "कुनी राह्यलं का?" मग चौकटीवर बोटांनी दोनदा टकटक. ती त्यांची डबल बेल. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. निवृत्त झाल्यावर गावाने त्यांना सरपंच केलं, पण अंगातली गाडी काही थांबली नव्हती.

मी त्या गावची ग्रामसेविका. गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या बाजूला. रुजू झाले त्या दिवशी मी खुर्ची पुसून बसले, तर हे समोर उभेच. मी म्हटलं, "बसा ना." तर म्हणाले, "सवय न्हाई म्याडम. उभं राह्यलं की मागचं मानूस दिसतं."

आवाज असा, की कानात सांगितलेली गोष्ट पारावर ऐकू जायची. त्यामुळे आमच्या ग्रामपंचायतीत गुप्त असं काही उरलंच नाही. ग्रामसभेला बाया दाराशी घोळक्याने उभ्या राहिल्या की ओरडायचे, "पुढं सरका, मधी जागा लई हाय!" एकदा तालुक्याचे साहेब पाहणीला आले. त्यांनाही दंडाला धरून सरकवलं आणि शेजारी एका मेंढपाळ आजीला बसवलं. साहेब अंग चोरून बसले होते, आजी मात्र ऐसपैस. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. हसू येतं, रागही येतो, आणि कामाला मात्र त्याच्याच मागे जावंसं वाटतं.

गावाच्या नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. दिवाळी झाली की तिथली धडधाकट माणसं टोळ्यांनी ऊसतोडीला जातात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शेरडं. त्या हिवाळ्यात गावात पाण्याची नवी लाइन यायची होती. ती शाळेपाशी थांबवायची की नाला ओलांडून वस्तीवर न्यायची, एवढंच सभेत ठरवायचं होतं.

आमचे एक बागायतदार सदस्य होते, गाव त्यांना दादा म्हणायचं. ते म्हणाले, "वस्तीवर सध्या हाय कोन? सगळ्या घरांना कुलपं. पाणी काय कुलपाला पाजायचं?"

सभेत हशा झाला. सरपंच हसले नाहीत. म्हणाले, "मग आज ठराव करायचा न्हाई. ज्यांचं पाणी, त्यांना इचारून येऊ."

मी म्हटलं, "सरपंच, काम लांबलं तर वरून विचारणा होईल."

"हू द्या. निम्मी मानसं फलाटावर ठिवून गाडी हलवली, तर जाब मलाच इचारत्यात."

दोन दिवसांनी आम्ही जीप करून निघालो. सरपंच, मी, आणि सरपंचांनी जवळजवळ ओढूनच आणलेले दादा. ऊसपट्ट्यात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. रानात उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या होत्या आणि दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाया चुली पेटवत होत्या. आपल्या गावची ग्रामपंचायत इथवर आली, हे त्यांना खरंच वाटेना. एकीने विचारलं, "कोन गेलं का गावाकडं?"

"कुनी गेलं न्हाई," सरपंच म्हणाले. "इचारायला आलो. नळ कुठवर आणायचा?"

माणसं गोळा झाली. बोलणं रंगलं. तेवढ्यात मघाचीच बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "नळ येईल तवा येईल. माझी सासू एकली हाय घरी. तिला दिसत न्हाई. तिला कुनी तांब्याभर पानी देतं का, ते सांगा आदुगर."

सरपंचांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. "मला ठाव न्हाई, पोरी."

चुलीच्या उजेडात दादांनी घसा खाकरला. "तुझं घर माझ्या मळ्याच्या वाटंवर हाय. रोज गाडी घेऊन जातो मी त्याच्यापुढून." मग म्हणाले, "उद्यापासून आमच्या घरून डबा जाईल तिला."

रात्रीच आम्ही गावाकडे परतलो.

दुसऱ्या दिवशी सरपंच गणेश मंडळाच्या कट्ट्यावर. "काय रं पोरांनो, गनपती धा दिसांत जातो. म्हताऱ्या तर इथंच राहत्यात ना?" ही पोरं वर्षातून दहाच दिवस कामाची, अशी गावाची समजूत. पण पोरं उठली. कोणी पाणी भरू लागलं, कोणी म्हातारीसमोर मोबाइल धरून थेट कोपीतल्या लेकाशी बोलणं करून देऊ लागलं. बचत गटाच्या बायांनी घरं वाटून घेतली. आरोग्याचं काम बघणारी आशाताई आठवड्याला फेरी मारू लागली आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा ग्रामपंचायतीने लावून दिली.

जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं, "ही कुठली योजना?" सरपंच म्हणाले, "योजना न्हाई सायेब, शेजार हाय."

टोळ्या परतल्यावर सभा झाली. कार्यालयात माणसं मावेनात म्हणून मारुतीपुढच्या मैदानात घेतली. वस्तीवरच्या बाया आपणहून उठून बोलल्या. लाइन वस्तीवर न्यायचा ठराव दादांनी मांडला. पाइप ग्रामपंचायतीचे, चर खणायला मात्र सगळं गाव. मंडळाच्या पोरांच्या हाताला दुपारपर्यंत फोड आले. ऊसतोडीवरून आलेल्या बाया त्यांच्याकडे बघून हसत होत्या आणि खणत होत्या. मी बऱ्याच गावांत नोकरी केली, पण "आमची ग्रामपंचायत" हे शब्द छाती भरून म्हणायला मी तिथे शिकले. आता दरवर्षी एक सभा टोळ्या निघण्याआधी ठेवतो. जाणारे आपली म्हातारी माणसं कोणाच्या हवाली करतायत, ते त्या सभेत सगळ्यांसमोर बोलून घेतात.

गेल्या माघात सरपंच गेले. सकाळी चहा घेतला आणि भिंतीला टेकले, ते टेकलेच. वस्ती तेव्हा उसात होती. निरोप गेला, पण इतक्या लांबून कोणाला पोचता आलं नाही.

चैत्रात एका दुपारी ट्रॅक्टरांचा आवाज आला म्हणून मी कार्यालयाबाहेर आले. ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, बाजली, कोंबड्यांच्या पाट्या, धुळीने माखलेली माणसं. ट्रॅक्टर नाल्याकडे वळायच्या जागी वळले नाहीत. सरळ गावात शिरले आणि सरपंचांच्या दारापुढे एकामागे एक उभे राहिले. बाया उतरल्या. सरपंचांची बायको, आमच्या काकू, कळशी घेऊनच बाहेर आल्या, तेव्हा कोणी मोठ्याने रडलं नाही. कोपीतली ती भाकरीवाली बाई पुढे झाली, काकूंच्या हातातली कळशी काढून घेतली आणि आत पाणी भरायला गेली.

पलीकडे नाल्याच्या काठावर वस्तीच्या म्हाताऱ्या कधीपासून वाट बघत उभ्या होत्या. सहा महिन्यांनी आलेली लेकरं आधी दुसऱ्याच दारी गेली, तरी एकीनेही हाक मारली नाही.