एकटीच्या वजनाची गाडी

हॉस्पिटलच्या तळघरात लिफ्टमधून उतरल्यावर डावीकडचं तिसरं दार. त्या खोलीत बाईंनी सत्तावीस वर्षं एक्स-रे काढले. माणूस यायचा, टेबलावर आडवा व्हायचा, तीन मिनिटांत उठून जायचा. “हलू नका. श्वास धरा. सोडा.” दिवसाला चाळीस-पन्नास माणसांशी त्यांचं एवढंच बोलणं, तेही काचेआडून. अर्ध्या गावाची हाडं त्यांनी पाहिली होती. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, की हा गुडघा की हा खांदा, हे त्यांना आठवायला वेळ लागायचा.

लग्न राहून गेलं होतं. कुणी खोदून विचारलंच तर त्या म्हणायच्या, “बस चुकली हो. मग गाडी घेतली.”

गाडी खरंच घेतली होती. छोटी, दोन दारांची, कुणीतरी आधी सहा वर्षं वापरलेली. तिनेच रोज हॉस्पिटलला जायचं, आणि महिन्यातल्या एका रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळावर. तिथल्या धावपट्टीला जोडून वळणावळणाचा रस्ता होता. तो त्या दिवशी साध्या माणसांच्या गाड्यांसाठी मोकळा असायचा. हेल्मेट घालायचं, नाव लिहायचं आणि जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने फेऱ्या मारायच्या. बहुतेक जण तिशीतले. बावन्न वर्षांच्या, चष्म्याच्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा फाटकावरच्या माणसाने विचारलं होतं, “मुलगा कुठाय?”

बाईंच्या शेजारच्या सीटवर त्यांची वहिनी बसायची. मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. दादा बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याची मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली ती तिकडेच लग्न करून राहिली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात खऱ्या अर्थाने या दोघीच. लोक म्हणतात नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. सुरुवातीची दोन वर्षं तसं होतंही. मग एकदा दोघी एकाच आठवड्यात तापाने पडल्या. एकमेकींना पाणी द्यायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हापासून जमलं. वहिनी पूर्वी ‘अहो वन्सं’ म्हणायची. पुढे ‘अहो’ गळालं, ‘तुम्ही’ गळालं, ‘वन्सं’ तेवढं राहिलं. “वन्सं, तू ना, अगदी वेडी आहेस,” असं ती सहज म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी वहिनीची कंबर धरली. एक्स-रे बाईंनीच काढला. वहिनी कुशीवर झोपली, बाई काचेआड गेल्या आणि म्हणाल्या, “हलू नकोस.” पडद्यावर चित्र आलं. खालच्या दोन मणक्यांमधली फट जवळजवळ नाहीशी झाली होती. एकावर एक ठेवलेल्या वाट्यांमधला कागद कुणीतरी काढून घ्यावा तशी.

“काय दिसतंय गं?” वहिनीने टेबलावरूनच विचारलं.

“डॉक्टर सांगतील,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या हजारो वेळा म्हणाल्या होत्या. या वेळी पहिल्यांदाच त्यांना ते लबाडीचं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले खालच्या फळीवरचे सगळे डबे काढून ओट्यावर मांडले, वहिनीला वाकायला नको म्हणून. ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा उरली नाही. दोघी जेवणाच्या टेबलावर पोळ्या लाटू लागल्या. रविवारच्या फेऱ्या मात्र वहिनीने सोडल्या नाहीत. पाठीशी उशी घेऊन यायची.

त्याच वर्षी गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप गळायला लागले. मिस्त्रींनी गाडी वर उचलून बाईंना खाली बोलावलं आणि नळीवरून खाली आलेला तेलाचा काळा ओघळ बोटाने दाखवला. मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे, सस्पेन्शनशिवाय दुसरं काम न घेणारे. म्हणाले, “हे आता चाकाला धरून ठेवत नाहीत. खड्डा एक, उड्या तीन. आणि पुढचेही फार दिवस टिकायचे नाहीत. चारही बदला. पण आधी ठरवा, गाडी कशासाठी हवी, पळवायला की रोजच्या रस्त्याला?”

“दोन्हीसाठी.”

“सगळे तेच म्हणतात. दोन डगरींवर पाय.” त्यांनी हात पुसले. “महिन्याचे किती दिवस पळवता, किती दिवस नुसती चालवता?”

“एक रविवार. बाकी एकोणतीस दिवस हॉस्पिटल.”

मिस्त्रींनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, नुसत्या आखूड स्प्रिंगा बसवायच्या. गाडी खाली बसते, दिसते झकास, पण चाकाला वरखाली हलायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात थेट बुडाला मार. “फोटो काढायला बरी,” मिस्त्री म्हणाले आणि बाईंचं काम आठवून थोडे ओशाळले. दुसरी, कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक, आट्यांवर फिरवून उंची कमीजास्त करायची. स्प्रिंग कडक, वर टेकायची बैठक रबराऐवजी लोखंडी. वळणात गाडी झुकत नाही, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा बसणाऱ्याला मोजून घ्यावा लागतो. तिसरी, उंची मूळचीच ठेवायची, स्प्रिंग थोडीशीच कडक आणि शॉकअप चांगल्यातले, डोक्यावर फिरवायची खुंटी असलेले.

“मग खुंटी फिरवून रविवारी कडक, सोमवारी मऊ, असं नाही जमणार?” बाईंनी विचारलं.

“खुंटीने स्वभाव बदलतो बाई. हाड नाही बदलत. हाड म्हणजे स्प्रिंग.”

हे बाईंना पटकन कळलं.

पुढचे तीन आठवडे त्या संगणकापुढे बसून वाचत होत्या. जगभरातले लोक यावर हमरीतुमरीवर आलेले. एक म्हणतो कडक म्हणजे वेगवान, दुसरा म्हणतो खडबडीत रस्त्यावर कडक गाडी उडते आणि उडालेलं चाक कुणाच्या कामाचं? बाईंना स्वतःला काय हवंय ते ठाऊक होतं. दुसऱ्या वळणावर गाडी कलायची, तिथे दर वेळी दोन सेकंद हातातून जायचे. कॉइलओव्हर घातलं की ते परत मिळाले असते. पण डोळे मिटले की पडद्यावरची ती नाहीशी झालेली फट समोर यायची. शेवटी त्यांनी मिस्त्रींना फोन केला. “तिसरी वाट. आणि स्प्रिंग त्यातल्या त्यात मऊ.”

“पळवायला कमी पडेल.”

“पडू दे.”

वहिनीला त्यांनी कारण सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवला की त्याचा भार होतो, असं त्यांना वाटायचं.

नव्या सस्पेन्शनचा पहिला रविवार आला. गावाबाहेरचा तो खडबडीत रस्ता गाडीने गिळून टाकला. वहिनी उशी न घेता बसली होती. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण त्यांनी नजर रस्त्यावरच ठेवली. विमानतळावर त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. गाडी कडेला लावून हेल्मेट काढलं आणि हात पुढे केला. “दाखव वही.”

वहीचं पान कोरं होतं. वर नुसती तारीख.

“अगं, वेळ लिहिली नाहीस?”

वहिनीने स्टॉपवॉच दोन्ही हातांत धरलं होतं. “कळलंच नाही मला.”

“काय कळलं नाही?”

“फेरी संपायची रेघ कधी आली ते.” ती खाली बघत म्हणाली, “वन्सं, रागवू नकोस. तिथे सिमेंटचा सांधा आहे ना, त्याच्यावरून जाताना गाडी धपकन उडायची. ती उडाली की मी बटण दाबायची. आज उडालीच नाही.”

“म्हणजे तू बघत नव्हतीस?”

“मी डोळे मिटून असते.”

“केव्हापासून?”

“पहिल्यापासून.”

बाईंना आधी हसूच फुटलं. वहिनीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघी हसल्या. सात वर्षं, चौऱ्याऐंशी रविवार, एक बाई डोळे मिटून शेजारी बसली होती. हसणं ओसरलं तेव्हा बाईंनी विचारलं, “इतकी भीती वाटायची तर यायचीस कशाला?”

“तू एकटी गेली असतीस ना.”

समोरून एक निळी गाडी मोठा आवाज करत गेली. ती लांब जाईपर्यंत वहिनी थांबली.

“आणखी एक सांगायचंय,” ती म्हणाली. “हे बोट सोडतायत. पुढच्या महिन्यात येतील ते कायमचे. मुलीला दिवस गेलेत, तिकडे तिचं बघायला कुणी नाही. तिच्या शेजारचा ब्लॉक बघितलाय यांनी.” मग घाईघाईने, “तू पण चल ना. तिकडे काय हॉस्पिटलं नाहीत?”

बाई म्हणाल्या, “बघू.” दोघींनाही त्या ‘बघू’चा अर्थ माहीत होता. परतीच्या वाटेवर वहिनीला चक्क डुलकी लागली. गाडी इतकी मऊ चालत होती.

दादा-वहिनी गेले. जाताना वहिनी म्हणाली, “डबे आता खाली ठेव गं. ओटा मोकळा होईल.” बाईंनी ठेवले नाहीत. एकटीच्या दोन पोळ्या त्या जेवणाच्या टेबलावरच लाटत राहिल्या. घरात आवाज कशाचा म्हणाल तर फ्रिजचा. संध्याकाळी कुलूप उघडताना त्या सवयीने “आले गं” म्हणायच्या. मग तेही बंद केलं, कारण समोरच्या दारातली शेजारीण एकदा “काय म्हणालात?” म्हणून बाहेर आली होती.

पुढचे दोन रविवार त्या एकट्याच गेल्या. स्टॉपवॉच शेजारच्या सीटवर ठेवलं, ते पहिल्याच वळणावर खाली पडून सीटखाली गेलं. गाडी कलत होती. आता ती कुणासाठी कलतेय, असा प्रश्न मनात आला आणि बाईंना स्वतःचाच राग आला. सोमवारी दुपारी सुट्टी टाकून त्या मिस्त्रींकडे गेल्या.

“कॉइलओव्हर बसवा. कडक.”

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. “चांगला माल आहे हा. चार महिने पण नाही झाले. आणि रस्त्यावर त्रास होईल, शेजारी बसणारा कुरकुर करेल.”

“शेजारी कुणी बसत नाही.”

मिस्त्रींनी वहीत तारीख लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांनी काम केलं. चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवले, बाईंना आत बसवलं आणि आटे फिरवत चारही कोपऱ्यांवरचा भार जुळवू लागले. मध्येच खिडकीतून वाकून विचारलं, “दुसऱ्या सीटवर काही वजन धरू? पोतं ठेवतो मी, साठ किलोचं.”

“नको.”

“म्हणजे एकटीच्या वजनाला लावतो. नंतर कुणी बसलं तर गाडी थोडी तिरपी होईल. सांगून ठेवतो.”

“लावा.”

पुढच्या फेऱ्यांच्या रविवारी दुसऱ्या वळणावर गाडी कलली नाही. रुळावरून गेल्यासारखी गेली. बाईंनी आता काचेला चिकटवायचं घड्याळ आणलं होतं. दोन सेकंद नव्हे, पावणेतीन सेकंद कमी झाले होते. त्या गाडीतून उतरल्या आणि आजूबाजूला बघितलं. तिशीतली मुलं आपापल्या बॉनेटवर वाकलेली. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी वहिनीला फोन लावला.

“वहिनी, पावणेतीन सेकंद!”

“काय गं? थांब हं, बाळ रडतंय, शी झालीय त्याला. सगळं बरं आहे ना?”

“बरं आहे.”

“करते नंतर.”

फोन तिसऱ्या दिवशी आला. तोवर सांगण्यातली मजा गेली होती. बाईंनी बाळाच्या वजनाची चौकशी केली.

आठ महिन्यांनी वहिनी कमरेच्या तपासणीसाठी दोन दिवस आली. बाई स्टँडवर घ्यायला गेल्या. वहिनी थोडी बारीक झाली होती, केस आखूड केले होते. गाडीत बसताना म्हणाली, “खाली गेलीय का गं ही?”

“थोडीशी.”

स्टँड ते घर पाच किलोमीटर. बाईंना त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा आता पाठ होता, कारण रोज तो त्यांच्याच पाठीत बसायचा. त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही. खड्डा दिसला की थांबल्यासारखं करायच्या, एक चाक उतरवायच्या, मग दुसरं. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. एक स्कूटरवाला वळून बघत गेला. एक म्हातारा चालत त्यांच्या पुढे निघून गेला.

“इश्श, किती हळू चालवतेस!” वहिनी म्हणाली. “वय झालं की काय तुझं?”

“रहदारी आहे ना.”

“कुठाय रहदारी? सगळी आपल्या मागे आहे.” आणि ती खूप हसली. हसताना तिने कमरेवर हात ठेवला. बाईंनी ते पाहिलं आणि गाडी आणखी हळू घेतली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा तिचा एक्स-रे काढला. फट होती तेवढीच होती, आणखी कमी झालेली नव्हती. या वेळी त्यांनी डॉक्टरची वाट पाहिली नाही. “वाढलेलं नाही गं,” त्या काचेआडूनच ओरडल्या. वहिनी टेबलावरून म्हणाली, “मग झालं तर.” रात्रीचं जेवण दोघींनी मिळून केलं. वहिनीने टेबलावरच्या पिठाच्या खुणा बघितल्या, ओट्यावरचे डबे बघितले. मग तिने पोळपाट घेतला आणि टेबलाशी बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिला स्टँडवर सोडलं, तेवढ्याच हळू. बस वेळेवर सुटली. खिडकीतून वहिनीचा हात दिसला, मग तोही दिसेनासा झाला. बाई गाडीत येऊन बसल्या, हॉस्पिटलच्या रस्त्याला लागल्या. दोन चौक गेल्यावर मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गाडी अजून दुसऱ्याच गिअरमध्ये आहे. त्यांनी क्लच दाबला, गिअर बदलला. पुढचा खड्डा चुकवायचा राहिला आणि मणक्यापर्यंत दणका बसला. साडेनऊला पहिला पेशंट होता.