बिघडलेली कॉपी

परळला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. हिंदमाताच्या फुटपाथवर दर हिवाळ्यात एक म्हातारे तिबेटी गृहस्थ स्वेटर विकायला बसायचे. मुंबईत स्वेटर घेतं कोण, देव जाणे! दुपारी ते त्यांच्या तिबेटी लिपीत हाताने लिहिलेले कागद घेऊन माझ्याकडे यायचे. आपला देश स्वतंत्र व्हावा म्हणून ते जन्मभर लिहीत होते. वीस कॉप्या काढायच्या आणि गावोगावच्या आपल्या माणसांना पोस्टाने धाडायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा एक कॉपी काळी आली. मी ती चुरगळून खाली टाकली. ते लगेच वाकले, कागद उचलून कपाळाला लावला आणि काउंटरवर तळहाताने हळूहळू सरळ केला.

“अक्षर पे पाँव नहीं पड़ना चाहिए, भाऊ.”

मी ओशाळलो. पुस्तकाला पाय लागला की आपणही नमस्कार करतोच की! काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “चाचा, गाँव याद आता है?”

“माँ की पीठ पे आया था,” ते म्हणाले. “बस, उसकी चोटी याद है.”

एवढ्या एका वेणीच्या आठवणीवर हा माणूस आयुष्यभर लिहीत होता.

गेले दोन हिवाळे ते आले नाहीत. परवा मशीन सरकवलं तर मागे त्यांची एक बिघडलेली कॉपी सापडली. मी ती कपाळाला लावली आणि काउंटरच्या काचेखाली ठेवली. सुलटी ठेवली की उलटी, ते मला कळत नाही. रोज एवढी गिऱ्हाइकं तिच्यावर हात टेकून उभी राहतात, त्यांनाही कळत नाही.