सावलीघराची जागा

नवरा गेल्यावर प्रताप नगरच्या अंगणात मी क्रोटन आणि फर्न विकायला लागले, ते पोटासाठी कमी आणि कोणीतरी फाटक वाजवावं म्हणून जास्त. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात कळलं, की शोभेची झाडं वाढवणाऱ्यांनी गट केला तर सामायिक कामाला सरकारी अनुदान मिळतं. आम्ही सातजण जमलो. नागपूरचं ऊन दरवर्षी आमची अर्धी झाडं करपवायचं, म्हणून सगळ्यांत मिळून एक मोठं सावलीघर मागायचं ठरलं: लाकडी खांब, वर बांबूच्या कामट्या. जागा माझ्या घरालगतची. बाकीच्यांना ती फुकटची जागा वाटली. मला दिसलं ते एवढंच, की उन्हाळाभर रोज सहा माणसं माझ्या दारात येणार.

अर्जासाठी दर रविवारी माझ्याकडे बैठक. एका पानाच्या अर्जाला आम्ही तीन महिने लावले. एकाला भाषा कडक वाटे, दुसऱ्याला मिळमिळीत. शहराबाहेरच्या वाडी गावचा एक रोपवाला मला ताई म्हणायचा. तो चहा संपल्यावरच खरा मुद्दा काढायचा, म्हणजे दुसरं आधण आलंच. मी लटकंच रागवायची. त्या तीन महिन्यांत मी खरोखर सुखात होते.

मे महिन्यात अनुदान खात्याचे साहेब पाहणीला आले. सगळ्यांनी आपापली झाडं सकाळीच माझ्याकडे आणून ठेवली होती. इथे आमची खोड नडली. रोपवाला करपलेलं झाड परक्याच्या नजरेस पडू देत नाही. प्रत्येकाने जळकी झाडं घरामागे सारली आणि टवटवीत तेवढी पुढे मांडली.

"साहेबाले चांगलंच दाखवाव लागते, ताई," वाडीवाला म्हणाला. मी वरून पाणीही शिंपडलं.

साहेब खूश झाले. "झाडं उत्तम आहेत. उन्हाचा त्रास काही दिसत नाही. मागे काही आहे का?"

"काही नाही, कचरा आहे," मी म्हणून गेले.

महिन्याभरात पत्र आलं: गरज आढळून आली नाही. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्यासाठी तरी आले असते. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

वर्षाने कळलं, की अर्ज पुन्हा करता येतो. मी तो एकटीने एका बैठकीत लिहून काढला आणि सह्यांसाठी आधी वाडीला गेले. वाडीवाला कुंड्यांना पाणी घालत होता.

"काहून आल्या ताई एवढ्या उन्हात? मले सांगतलं असतं त मीच आलो असतो." त्याने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, अर्ज नीट वाचला. मग संकोचून म्हणाला, "जागा मात्र माह्याकडची टाका. तुमाले रोजची कटकट काहून?"

"बाकीच्यांना विचारायला हवं," मी म्हटलं.

"ते ठरलंच हाय, ताई. रविवारी सारे इथंच बसतो ना आमी. तुमाले दूर पडते, म्हणून नाई बोलावलं."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, त्यामुळे मला भांडताही येईना. पेन माझ्याकडेच होतं. मी माझा पत्ता खोडला आणि त्याला त्याचा विचारला.