दोन बोटं जादा कापड

मुलांनो, बोरिवलीत माझे ब्लाउज शिवणाऱ्या बाई प्रत्येकीच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड ठेवतात. "काकू, अंग काय सांगून वाढतं?" असं वर म्हणतात.

गेल्या वर्षी नैराश्यामुळे त्यांचं दुकान तीन महिने बंद होतं. औषधांनी त्या पुन्हा मशीनवर बसल्या, गिऱ्हाइकांशी भांडूही लागल्या. पण त्याच गोळ्यांनी वजन वाढलं. पुतण्याचं लग्न तोंडावर आलेलं. "एक ब्लाउज चढत नाही. गोळ्याच बंद करते," त्या म्हणाल्या. जन्मभर सडपातळ असल्याने स्वतःच्या ब्लाउजांत त्यांनी जादा कापड ठेवलंच नव्हतं. मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचारा."

लग्नाहून आल्यावर त्यांनी फोटो दाखवला. हिरव्या ब्लाउजला दोन्ही बगलांत पिवळी पट्टी!

"जाऊ म्हणाली, हे काय गं ठिगळ? म्हटलं, फॅशन आहे, तुला नाही कळायची!"

"आणि गोळ्या?"

"चालू आहेत ना. वजनाचं हळूहळू बघू म्हणाले डॉक्टर."

मग त्यांनी स्वतःसाठी आणलेलं नवं कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघ मारली आणि रेघेबाहेर दोन बोटं सोडून कात्री लावली.