अक्का आणि माझा शेरा

भवानी पेठेत आमच्या समोर राहणारी अक्का पोरीच्या प्रश्नाला कधी उत्तर देत नसे. आठ वर्षांच्या लक्ष्मीने काही विचारलं की ती शिलाईचं मशीन थांबवायची आणि म्हणायची, "चल, बघू." टॉवेल एवढं पाणी पितो, मग चादर का पीत नाही? झालं, दोघी बादलीपाशी! टॉवेलांच्या कडा शिवण्यावर तिचं घर चालायचं. मशीन तासभर बंद राहिलं तरी तिने लेकीला "गप बस" म्हटलेलं मी ऐकलं नाही.

लक्ष्मी शाळेत जात नव्हती. दुसरीत काही महिने गेली, आणि तिचं विचारणंच थांबलं. तेव्हा अक्काने तिला घरी ठेवलं. नळावर एकीने टोमणा मारला, "का गं अक्का, सकाळी डबा करायचा कंटाळा व्हय?"

अक्का हसली. "आळशी असते तर शाळेतच घातली असती की! दिवसभर मला लई आराम."

मी शाळेत शिकवते. ते वाक्य मला झोंबलं होतं.

त्या वर्षी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आमचीच गल्ली माझ्या वाट्याला आली. अक्काने चहा दिला. तो पिता पिता मी 'कारण' या रकान्यात लिहिलं : पालकांचा आळस.

पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब अक्काकडे आले आणि तिच्या नवऱ्यासमोर कागद धरून त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "कुणी लिवलं हे? बाईंनी का कचेरीतल्या कुणी?" अक्काने विचारलं. मी समोर माझ्या दारातच उभी होते. शाळेची पिशवी उचलली आणि निघाले.

नवरा दोन महिने तिच्याशी बोलला नाही. अक्का मात्र लेकीला घेऊन त्यांच्या कचेरीत खेटे घालत राहिली. "तपासा की साहेब. काय येत नसलं तर मीच शाळेत सोडते." त्यांनी लक्ष्मीकडून वाचून घेतलं, गणितं घातली. शेवटी बाहेरून परीक्षा द्यायचा रस्ता त्यांनीच सांगितला.

मी शाळेच्या विरोधात नाही, तिचंच खाते. पण पोराला वाऱ्यावर सोडणं वेगळं आणि दिवसभर त्याच्या डोक्याबरोबर राबणं वेगळं. भरल्या वर्गात मी "नंतर विचार" म्हणते. ते नंतर कधी येत नाही. आळस म्हणायचा तर त्याला म्हणावा.

पुढे नवऱ्याला भिवंडीत काम लागलं. टेम्पो भरत होता तेव्हा मी गेले. "अक्का, तो शेरा माझा होता."

तिने दोरीची गाठ आवळली. "म्हाईत हाय, बाई. लक्ष्मीनं त्याच दिवशी अक्षर ओळखलं. पाणी कवा येणार ते गल्लीच्या फळ्यावर तुमीच लिवता न्हवं? त्यावरच वाचायला शिकली ती."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलून काय उपेग? तुमचं तुमाला सांगावं वाटाय पायजे की."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. शेरा खोटा होता, असं लेखी दिलं. खाली नाव, शाळा, सही. साहेबांनी कागद वाचून बाजूला सारला. "बाई, ते लोक गेले. आता कशाला हे?"

म्हटलं, "मी इथंच आहे की."