उंबराच्या बुडचा झरा

धावड्याच्या शिवारात आमच्या मालकीचं मातीचं धरण होतं. आजोबांनी ओढा अडवून, काळी माती चोपून बांधलेलं. त्याच्या पाळीवर एक उंबर आपोआप उगवला. दत्ताचं झाड, तोडायचं कसं? पुढं एका कोरड्या वर्षी तो वाळला, तरी खोड तसंच उभं ठेवलं. आत मुळं कुजत होती, पण ते कोण बघणार!

नंतरच्या पावसाळ्यात पाळीच्या खालच्या अंगाला, उंबराच्या बुडाशी झरा लागला. आम्ही टँकरची वाट बघणारी माणसं. पाणी कुठूनही आलं तरी हरखतो. उंबराखाली पाणी असतंच, असं सगळे म्हणाले. "देवाची करणी अन् नारळात पाणी," म्हणत वडिलांनी तिथं नारळ फोडला. धरण गळतंय आणि हे पूजा करतात, याचा मला संताप आला. पण दिल्या घरच्या लेकीचं माहेरी कोण ऐकतं?

काका-काकूंचं घर धरणाच्या खालीच, शेतात होतं. काकूनं झऱ्याशी पुदिना लावला. पिण्याचं पाणीही ती तिथूनच भरायची, लुगड्याच्या फडक्यातून गाळून.

आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही. काकूला वडिलांना काही सांगायचं असलं, की त्यांना ऐकू जाईल असं ती आईला सांगायची. वडीलही समोर बसून उत्तर आईलाच द्यायचे. लहानपणी आम्ही त्यांच्या नकला करून हसायचो.

गेल्या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं. मी माहेरी होते. सकाळीच काकू आली, पदर पुढं ओढून, हातात ओलं फडकं.

"बाई, दादाला सांगा, झऱ्यातून माती येऊन राह्यली. काळी. रोज जास्तीच."

झऱ्याच्या आसपास सगळा मुरूम. काळी माती होती ती फक्त पाळीच्या पोटात.

वडील आईला म्हणाले, "सांग तिला, पावसाळ्यात पाणी गढूळच असतं. भ्यायचं काम न्हाई."

मी भांडले. काका-काकूंना आजच वर आणा म्हणाले. माझं तोंड बंद करायला वडील पाळीवर निघाले, मी मागोमाग. काका बाजाराला भोकरदनला गेले होते. काकू म्हैस सोडायला खाली गेली.

वडील उंबरापाशी जाऊन उभे राहिले आणि पाळीच्या टोकाशी थांबलेल्या मला म्हणाले, "बघ, कुठं काय झालंय?" त्यांच्या पायाखालची पाळ बाहेरून ढासळत होती. वरून ते दिसत नव्हतं, काकूला खालून दिसलं. तिला बाजूच्या टेकाडावर पळता आलं असतं. ती तिथंच थांबून ओरडली, "दादा! पळा! पाळ चालली!"

वडील दचकले ते तिच्या हाकेनं. पळाले, म्हणून वाचले. उंबराचं खोड, माती, पाणी सगळं तिच्या अंगावर गेलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काकांनी हात जोडले, भावकीनं नाना वचनं दिली. आईसुद्धा हट्टानं तिथं आली होती. वडील तिच्याकडं वळून सवयीनं म्हणाले, "सांग तिला..." आणि थांबले. मग पिंडापुढं बसले.

"माय, तू बराबर सांगत होतीस. मीच ऐकलं न्हाई."

आम्ही खूप वेळ वाट पाहिली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.